लाखेची तबकडी आणि तिचे वाचन : टोनआर्म व कार्ट्रिज यांच्या जुळणीचा ऐतिहासिक विचार (विशेष संदर्भ : परभणी जिल्हा)

प्रस्तावना

इतिहासलेखनात साधनांचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून अस्सल कागदाचा शोध, त्याची पारख आणि त्याचे बिनचूक वाचन ही मराठी इतिहास संशोधनाची शिस्त बनली. मोडी कागदातील एखादे वळण चुकीचे लागले तर माणसाचे नाव बदलते, गाव बदलते आणि प्रसंगी संपूर्ण निष्कर्ष बदलतो, हे या क्षेत्रातील प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. मात्र विसाव्या शतकाने आपल्यासाठी कागदाखेरीज आणखी एक साधन मागे ठेवले आहे. ते म्हणजे ध्वनिमुद्रिका, अर्थात आपल्या घरांतून 'रेकॉर्ड' किंवा 'तबकडी' या नावाने ओळखली जाणारी वस्तू. या साधनाचे वाचन डोळ्यांनी होत नाही. ते यंत्राकडून करवून घ्यावे लागते. यंत्राचे वळण चुकले तर काय होते, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने केलेला दिसत नाही.

प्रस्तुत लेखात तबकडी वाचणाऱ्या यंत्राच्या दोन भागांचा विचार केला आहे. पहिला भाग सुईला तबकडीवरून नेणारा टोनआर्म आणि दुसरा भाग सुईच्या कंपनांचे विद्युत्संदेशात रूपांतर करणारे कार्ट्रिज. हे दोन भाग परस्परांना अनुरूप नसतील तर तबकडीतून निघणारा आवाज हा विश्वसनीय पुरावा राहत नाही, आणि ही विसंगती बहुतेक वेळा कालविपर्यासातून, म्हणजे एका दशकातील टोनआर्मला दुसऱ्या दशकातील कार्ट्रिज जोडल्यातून निर्माण होते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ध्वनिमुद्रणाचे कालखंड आणि मराठी रंगभूमी

थॉमस एडिसन यांनी १८७७ साली नळकांड्यावर आवाज नोंदविणारा फोनोग्राफ तयार केला, तर एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांच्यासह अनेक कलावंतांचे गाणे मुद्रित केले. आरंभी या मुद्रणावरून जर्मनीतील हॅनोव्हर येथे तबकड्या छापल्या जात. पुढे १९०८ साली कलकत्त्यात आणि १९२८ साली डमडम येथे कारखाना उभा राहिला. तबकडीतील मुख्य घटक असलेली लाख भारतातूनच जगभर जात होती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

१९२५ पर्यंतचे ध्वनिमुद्रण कर्ण्यातून, म्हणजे विजेच्या साहाय्याविना होत असे. गायकाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे आणि त्या हवेच्या दाबानेच मेणाच्या तबकडीवर खाच कोरली जावी, अशी ती पद्धत होती. १९२५ साली मायक्रोफोनवर आधारित विद्युत् ध्वनिमुद्रण व्यापारी स्वरूपात सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते भारतातही रूढ झाले. १९४८ साली बारीक खाचेची लाँग प्ले तबकडी आली आणि १९५७-५८ मध्ये स्टिरिओ तबकडी बाजारात आली. भारतात मात्र लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या पुढेही बराच काळ निघत राहिल्या.

या कालखंडांचे मराठी संगीत रंगभूमीच्या दृष्टीने महत्त्व असे की, भाऊराव कोल्हटकर १९०१ साली, भारतातील तबकडी-ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच वारले. त्यांच्या गाण्याविषयी आपल्याजवळ केवळ वर्णने आहेत. केशवराव भोसले १९२१ साली वारले, त्यामुळे त्यांचा आवाज फार तर कर्ण्याच्या कालखंडातच सापडू शकतो. बालगंधर्व यांची कारकीर्द मात्र दोन्ही कालखंडांत पसरलेली आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी १९०४-०५ च्या सुमारास आणि पुन्हा १९३० नंतरच्या वर्षांत ओडियन कंपनीसाठी गायन मुद्रित केले. या दोन मुद्रणांत सुमारे तीन दशकांचे अंतर आहे. त्यांची तुलना करताना गायकाचे वय, गायकीतील बदल, मुद्रणाचे तंत्र आणि आज आपण वापरीत असलेले वाचनयंत्र या चार गोष्टी वेगवेगळ्या केल्याशिवाय कोणतेही विधान करणे धाडसाचे ठरते. पहिल्या तीन गोष्टींची चर्चा आढळते. चौथीची क्वचितच होते.

टोनआर्मचा विकास

टोनआर्म या शब्दातच त्याचा इतिहास साठलेला आहे. प्रारंभीच्या ग्रामोफोनमध्ये कर्णा थेट ध्वनिपेटीला जोडलेला असे आणि त्याच्या भाराचा काही भाग सुईवर व पर्यायाने तबकडीवर पडत असे. १९०३ च्या सुमारास अमेरिकेतील एल्ड्रिज जॉन्सन यांच्या व्हिक्टर कंपनीने पोकळ, क्रमाने रुंद होत जाणारी नळी वापरात आणली. आवाज या नळीतून कर्ण्यापर्यंत जाई आणि कर्ण्याचा भार पेटीवर विसावे. आवाज वाहून नेणारा हात म्हणून तो 'टोन आर्म'. पुढे विद्युत् पिकअप आल्यावर या हातातून आवाज जाणे थांबले, केवळ तारा जाऊ लागल्या. तथापि नाव कायम राहिले.

या हाताचा भार दशकागणिक कमी होत गेला. चावीच्या ग्रामोफोनमधील अभ्रकाचा पडदा असलेली ध्वनिपेटी खाचेवर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकीत असे. पोलादी सुई प्रत्येक बाजू वाजविल्यानंतर बदलावी लागे. म्हणून सुयांची पत्र्याची डबी ही ग्रामोफोनची अविभाज्य सोबतीण होती. लाखेत मिसळलेल्या खनिज भुकटीमुळे सुई झिजून खाचेचा आकार घेई, आणि उलट दिशेने खाचही झिजत असे. विद्युत् व क्रिस्टल पिकअपच्या काळात हा भार काही दशक ग्रॅमवर आला, लाँग प्ले तबकडीनंतर दहा ग्रॅमच्या खाली गेला आणि १९६० नंतरच्या चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजमध्ये दीड ते तीन ग्रॅमपर्यंत उतरला. भार जसा कमी झाला तशी सुईच्या दांडीची लवचिकता वाढली, आणि लवचिक सुईसाठी हलके टोनआर्म बनू लागले. १९७० च्या दशकात हा प्रवाह टोकाला पोचला. तात्पर्य, प्रत्येक काळाचा टोनआर्म हा त्या काळच्या कार्ट्रिजसाठी घडविलेला आहे. १९५० च्या दशकातील जड टोनआर्म आणि १९७० च्या दशकातील लवचिक कार्ट्रिज यांना एकत्र आणणे, म्हणजे पेशवेकालीन पत्राला विसाव्या शतकातील शब्दकोश लावण्यासारखे आहे.

जुळणीचे गणित

स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचे उदाहरण घेतल्यास हा प्रश्न सहज समजतो. मऊ स्प्रिंगला जड वजन लावले तर ते संथ हेलकावे खाते, ताठ स्प्रिंगला हलके वजन लावले तर ते वेगाने थरथरते. कार्ट्रिजमधील सुईची दांडी ही स्प्रिंग आणि टोनआर्म, कार्ट्रिज व स्क्रू यांचे एकत्रित परिणामी वस्तुमान हे वजन होय. परिणामी वस्तुमान म्हणजे तराजूवरील वजन नव्हे, तर सुईच्या टोकाला जाणवणारे टोनआर्मचे जडत्व. या जोडीला स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. ती काढण्याची रीत अशी : एकूण परिणामी वस्तुमान ग्रॅममध्ये आणि लवचिकता दशलक्षांश सेंटिमीटर प्रति डाइन या एककात घेऊन त्यांचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि १५९ या संख्येला त्याने भागावे. उत्तर हर्ट्झमध्ये येते. ते साधारणतः ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावे, असा संकेत आहे. त्याहून खाली गेल्यास वाकड्या तबकडीचे चढउतार आणि जमिनीचे हादरे टोनआर्मला हलवितात. बरेच वर गेल्यास गाण्यातील खर्जाचे स्वर फुगतात.

पुढील चार उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

१) जड टोनआर्म (२५ ग्रॅम) व ७ ग्रॅमचे लवचिक कार्ट्रिज (लवचिकता २५) : कंपनसंख्या सुमारे ५.६ हर्ट्झ. जुळणी अयोग्य.

२) हलका टोनआर्म (८ ग्रॅम) व तेच कार्ट्रिज : सुमारे ८.२ हर्ट्झ. जुळणी योग्य.

३) जड टोनआर्म (२५ ग्रॅम) व ८.५ ग्रॅमचे ताठ कार्ट्रिज (लवचिकता ८) : सुमारे ९.७ हर्ट्झ. जुळणी योग्य.

४) हलका टोनआर्म (८ ग्रॅम) व तेच ताठ कार्ट्रिज : सुमारे १३.८ हर्ट्झ. जुळणी सदोष.

चौथ्या प्रकरणात कार्ट्रिजच्या जागी ६ ग्रॅमची पितळी पट्टी वाढवून मागील प्रतिभार पुन्हा समतोल केल्यास कंपनसंख्या ११.९ हर्ट्झपर्यंत खाली येते. पहिल्या प्रकरणात मात्र असा उपाय नाही. टोनआर्मचे वजन वाढविता येते, कमी करता येत नाही. म्हणून जुना जड टोनआर्म हाती असल्यास त्यासाठी ताठ कार्ट्रिजच शोधले पाहिजे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक जपानी उत्पादकांनी लवचिकता १०० हर्ट्झला मोजून दिलेली असते. वरील रीतीत वापरण्यापूर्वी ती संख्या सुमारे दीडपट ते दुप्पट धरावी लागते.

यासोबत सुईच्या टोकाचा आकारही जुळला पाहिजे. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिच्यासाठी टोकाची त्रिज्या सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन लागते, तर लाँग प्ले तबकडीसाठी ती १८ ते २५ मायक्रॉन असते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि तेथील धूळ व खरखर वाचते. गाणे तर खाचेच्या भिंतींवर कोरलेले असते.

परभणी जिल्ह्यातील एक अनुभव

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने हा जिल्हा एका बाजूने मुंबईकडे आणि दुसऱ्या बाजूने हैदराबादकडे जोडला गेला. ग्रामोफोनला वीज लागत नसे, चावी दिली की काम भागत असे. त्यामुळे वीज पोचण्याच्या कितीतरी आधी या भागातील सुस्थित घरांत तो पोचू शकत होता. सेलू तालुक्यातील एका विद्यार्थ्याच्या घरी प्रस्तुत लेखकास पाहावयास मिळालेल्या लाकडी पेटीत नाट्यपदे, भजने आणि उर्दू कव्वाली यांच्या तबकड्या एकत्र ठेवलेल्या होत्या. संस्थानी मराठवाड्याची द्विभाषिक अभिरुची एका पेटीत सामावलेली पाहणे हाच मुळात एक ऐतिहासिक अनुभव होता.

त्यांपैकी एका तबकडीचे लेबल बहुतांशी फाटलेले होते. त्यावर एका गायिकेचे भजन होते. उपलब्ध असलेल्या जुन्या, जड टोनआर्मच्या यंत्रावर लाखेच्या तबकडीची योग्य सुई बसविलेले एक नवे, लवचिक कार्ट्रिज लावून आम्ही ती ऐकली. गायिकेच्या आवाजात सतत एक कंप जाणवत होता. प्रस्तुत लेखकाने टिपणवहीत नोंद केली : 'आवाज वृद्ध, स्वरावर कंप, मुद्रण बहुधा उत्तरायुष्यातील.' अशा नोंदीवरूनच पुढे कालनिश्चिती होते आणि चरित्रे लिहिली जातात.

नोंद चुकीची होती, हे हार्मोनियममुळे लक्षात आले. कडव्यांच्या मधील जागी हार्मोनियमचा धरलेला सूरही त्याच गतीने थरथरत होता. गायिका वृद्ध असू शकते. हार्मोनियमच्या सुराला वार्धक्याचा कंप येत नाही. लेबलवर कागदाचा पांढरा तुकडा चिकटवून पाहिले असता प्रत्येक फेरीत चार वेळा कंप होत असल्याचे दिसले. तबकडी वाकलेली होती आणि तिच्या कडेला चार उंचवटे होते.

याचे गणित सोपे आहे. ७८ फेऱ्यांची तबकडी सेकंदाला १.३ वेळा फिरते. चार उंचवटे असल्यास सुईला सेकंदाला ५.२ धक्के बसतात. आमच्या यंत्राची जुळणी वर दिलेल्या पहिल्या उदाहरणासारखी होती, म्हणजे तिची नैसर्गिक कंपनसंख्या ५.६ हर्ट्झच्या जवळपास होती. धक्क्यांची गती आणि यंत्राची गती जवळजवळ एक झाल्यामुळे टोनआर्म डोलू लागला, सुई खाचेत मागेपुढे सरकू लागली आणि स्वर वरखाली होऊ लागला. दुर्दैव असे की, मानवी कंठातील कंपही साधारणतः सेकंदाला ५ ते ७ वेळाच होतो. त्यामुळे यंत्राचा दोष गळ्याचा गुणधर्म म्हणून कानांनी स्वीकारला. तेवढेच उंचवटे लाँग प्ले तबकडीवर असते तर धक्के सेकंदाला केवळ २.२ झाले असते आणि हा भास निर्माण झाला नसता. म्हणूनच लाँग प्लेसाठी चालून जाणारी जुळणी लाखेच्या तबकडीसाठी चालेलच असे नाही. तिच्यासाठी कंपनसंख्या ९ ते १२ हर्ट्झकडे झुकलेली असणे अधिक सुरक्षित ठरते.

पुढे त्याच टोनआर्मला ताठ कार्ट्रिज लावून सुमारे ४ ग्रॅम भारावर तीच तबकडी पुन्हा ऐकली. कंप पूर्णतः नाहीसा झाला नाही, कारण तबकडी वाकडीच होती. परंतु तो इतका कमी झाला की हार्मोनियम स्थिर वाटू लागली आणि गायिकेचा आवाज भरदार, सरळ आणि तरुण असल्याचे स्पष्ट झाले. टिपणवहीतील जुनी नोंद खोडली नाही. तिच्याखाली दुसरी नोंद तारखेसह केली.

मराठवाड्याच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक गंभीर आहे. उष्णतेने लाख मऊ होते. परभणीत उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. पत्र्याच्या छपराखाली किंवा माळ्यावर आडव्या, एकावर एक रचून ठेवलेल्या तबकड्या वाकणे स्वाभाविक आहे. थंड हवेच्या प्रदेशातील संग्राहकाला जी जुळणी निभावून नेता येते, ती आपल्याकडील तबकड्यांना निभावत नाही.

ध्वनिमुद्रिकेचे साधनमूल्य

तबकडीचा वेगही तितकाच विचारात घेतला पाहिजे. प्रारंभीच्या सर्वच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. वेगात सुमारे ६ टक्क्यांचा फरक पडला तर स्वर अर्ध्या पट्टीने सरकतो आणि काळी एकमध्ये गाणारा कलावंत पांढरी दोनमध्ये गातो आहे असे भासते. गायकाच्या पट्टीविषयी तबकडीवरून केलेली विधाने म्हणूनच तपासून घ्यावी लागतात.

जुन्या तबकड्यांचे संकलन व सूचीकरण यांबाबत महाराष्ट्रात मोलाचे कार्य झाले आहे. १९९० साली मुंबईत स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, तिचे डॉ. सुरेश चांदवणकर, तसेच भारतीय तबकड्यांच्या सूची सिद्ध करणारे मायकेल किनिअर यांचे या क्षेत्रातील ऋण सर्वमान्य आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर ध्वनी व दृक्श्राव्य संग्रहांच्या संघटनेने, म्हणजे 'इयासा'ने, २००४ साली ध्वनीच्या अंकीय जतनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि २००९ साली तिची दुसरी आवृत्ती काढली. मूळ ध्वनीवर सुधारणेचे संस्कार न करता तो किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या दर्जाने जतन करावा, अशी तिची शिफारस आहे. तथापि संगणकाचा दर्जा कितीही उच्च असला तरी सुईने जे वाचले तेच तेथे साठविले जाते. टोनआर्म डोलत असेल तर ते डोलणेही तितक्याच निष्ठेने जतन होते.

आपल्या भाषेने ग्रामोफोनकडून 'पिन अडकणे' आणि 'तीच रेकॉर्ड वाजविणे' हे वाक्प्रचार घेतले आणि ते यंत्र माळ्यावर गेल्यानंतरही टिकविले. यंत्राचे दोष लोकभाषेला ठाऊक होते. अभ्यासकांनी मात्र त्यांचा विसर पडू देऊन तबकडीतून येणारा प्रत्येक ध्वनी हा कलावंताचाच मानला, असे म्हणावे लागते.

निष्कर्ष

१) ध्वनिमुद्रिका हे इतिहासाचे अस्सल साधन आहे, परंतु ऐकू येणारा आवाज हे त्या साधनाचे वाचन असते, मूळ साधन नव्हे.

२) टोनआर्मचे परिणामी वस्तुमान आणि कार्ट्रिजची लवचिकता यांचा मेळ नसल्यास गायकाचे वय, स्वरस्थैर्य व गायकी यांविषयी चुकीचे निष्कर्ष निघू शकतात.

३) ही विसंगती प्रामुख्याने वेगवेगळ्या दशकांतील भाग एकत्र आल्याने निर्माण होते. जड टोनआर्मला ताठ कार्ट्रिज व हलक्या टोनआर्मला लवचिक कार्ट्रिज, हा सामान्य नियम होय.

४) लाखेच्या वाकलेल्या तबकड्यांसाठी जुळणीची कंपनसंख्या ९ ते १२ हर्ट्झ ठेवणे इष्ट आहे. मराठवाड्यातील हवामानात याची निकड अधिक आहे.

५) गाण्यातील कोणताही कंप गायकाचा मानण्यापूर्वी साथीच्या वाद्यातही तो आहे काय, आणि तो तबकडीच्या फेरीशी जुळतो काय, हे तपासावे.

६) ध्वनिमुद्रिकेचा संदर्भ देताना कंपनी व क्रमांक यांच्याबरोबर टोनआर्म, कार्ट्रिज, सुईचे टोक, भार व वेग यांची नोंद करणे बंधनकारक मानावे.

परभणी जिल्ह्यात अशा पेट्या आणखी किती घरांत आहेत, याची मोजदाद व्हावयाची आहे. महाविद्यालयांच्या इतिहास, संगीत आणि पदार्थविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन हे काम हाती घेणे शक्य आहे. त्यासाठी एक योग्य जुळणीचे यंत्र आणि एक नोंदवही एवढी सामग्री पुरेशी आहे. तबकड्या भंगारात जाण्याची भीती आहेच. परंतु त्या वाचल्या आणि त्यांचे वाचन चुकले, तर इतिहासाचे होणारे नुकसान कमी नसेल. सेलू तालुक्यातील त्या अनाम गायिकेला आम्ही एका कार्ट्रिजच्या चुकीने म्हातारी ठरविले होते. तिचे नाव अद्याप मिळालेले नाही. तिचे तारुण्य मात्र तिला परत देता आले.